विश्लेषण : विसरतो, चिडतो, तारखा चुकवतो... यामागे डोक्याला लागलेला जुना मार तर नाही ना?

व्यसनमुक्ती केंद्रातून दोनदा पळून गेलेला तरुण. समुपदेशनाच्या ठरलेल्या तारखेला कधीच न पोहोचणारी महिला. अपघातातून बरा होऊन कामावर परतलेला, पण एकामागून एक नोकऱ्या गमावणारा चालक. अशा व्यक्तींच्या नोंदींत बहुधा ‘सहकार्य करत नाही’, ‘इच्छाशक्ती कमी’, ‘स्वभाव तापट’ असे शेरे पडतात. मात्र यांपैकी काहींची अडचण इच्छाशक्तीची नसून मेंदूला झालेल्या इजेची असू शकते. ही इजा कधी काही महिन्यांपूर्वीची असते, कधी बालपणातली. आणि तिच्याबद्दल कोणी विचारलेलेच नसते. डॉक्टर नसलेल्या समुपदेशकाला किंवा सामाजिक कार्यकर्त्याला अशी शक्यता ओळखता येते का? त्यासाठी काय पाहायचे, काय विचारायचे आणि कुठे थांबायचे?

मेंदूची इजा नजरेआड का राहते?

हात मोडला तर प्लास्टर दिसते. डोक्याच्या जखमेचे टाके मात्र आठ-दहा दिवसांत निघतात, त्यावर केस येतात आणि माणूस पूर्वीसारखाच दिसू लागतो. तो चालतो, बोलतो, जेवतो. ‘मोठ्या संकटातून वाचला’ या समाधानात घर पुन्हा रुळावर येते. बदल जाणवू लागतात ते नंतर, कामाचा ताण पडू लागला की. एका वेळी दोन गोष्टी जमत नाहीत, गोंगाट सहन होत नाही, सांगितलेले राहत नाही, क्षुल्लक कारणावरून राग अनावर होतो. तोपर्यंत अपघात मागे पडलेला असतो आणि या दोहोंचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

यात शब्दांचाही घोळ आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची शुद्ध मोजण्यासाठी जगभर ‘ग्लासगो कोमा स्केल’ वापरतात. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी ती १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडणे (४ गुण), बोलणे (५ गुण) आणि हालचाल (६ गुण) यांची ती बेरीज असते. १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य, ९ ते १२ म्हणजे मध्यम आणि ३ ते ८ म्हणजे गंभीर इजा. यातला ‘सौम्य’ हा शब्द पहिल्या काही तासांतील शुद्धीबद्दल आहे, पुढच्या आयुष्याबद्दल नाही. सौम्य इजा झालेल्या बहुतेकांना काही दिवसांत किंवा आठवड्यांत बरे वाटते; पण काहींची डोकेदुखी, थकवा, विसराळूपणा आणि चिडचिड महिनोन्महिने टिकते.

सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला म्हणजे मेंदूला काहीच झाले नाही, हाही गैरसमज आहे. रक्तस्राव, कवटीचा तडा, मोठी सूज या गोष्टी सीटी स्कॅनमध्ये दिसतात. जोरदार हिसक्याने मेंदूतील बारीक तंतू ताणले गेले असतील तर ते त्यात बहुधा दिसत नाही. शिवाय इजा झालेल्या व्यक्तीला स्वतःतला बदल जाणवेलच असे नाही. ‘मला काही झालेले नाही, घरचेच कटकट करतात’ हे वाक्यही कधी कधी इजेचाच भाग असते.

फक्त रस्ते अपघातांतूनच ही इजा होते का?

रस्ते अपघात हे मोठे कारण आहेच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. मृतांमध्ये दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक होते. अपघातातून वाचून घरी परतणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोक्याला मार लागलेला असतो.

पण कारणे इतरही आहेत. बांधकामाच्या परातीवरून, झाडावरून किंवा जिन्यावरून पडणे, लोकलमधून पडणे, मारामारी, खेळताना डोके आदळणे हे त्यातले नेहमीचे प्रकार. घरातला हिंसाचार हे सर्वात कमी बोलले जाणारे कारण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या २९.३ टक्के महिलांनी पतीकडून हिंसाचार झाल्याचे सांगितले. भिंतीवर डोके आपटणे, केस धरून ओढणे, डोक्यात वस्तू मारणे, गळा दाबणे या प्रत्येक प्रकारात मेंदूला धोका असतो. गळा दाबल्यावर मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंदांतच अपुरा पडू शकतो आणि तरीही मानेवर एकही वळ उठत नाही, असे होऊ शकते.

काही वेळा मार न लागताही मेंदूला इजा होते. पक्षाघात, मेंदूज्वर, हृदय अचानक बंद पडणे, पाण्यात बुडणे, गळफासातून वाचणे यांत मेंदूला प्राणवायू कमी पडतो किंवा मेंदूवर थेट आघात होतो. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर सुरू ठेवून आंघोळ करताना बेशुद्ध पडण्याच्या घटनांत कार्बन मोनॉक्साइड हे कारण असू शकते. ‘डोक्याला मार’ एवढाच शोध घेतला तर ही सारी कारणे निसटतात.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. साधे घसरून पडणे, खिडकीची चौकट डोक्याला लागणे अशा मारानंतरही मेंदूवरील आवरणाखाली हळूहळू रक्त साचू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर शक्यता वाढते. लक्षणे दिसायला काही आठवडे लागतात; तोपर्यंत पडल्याचे घरचे विसरलेले असतात आणि गोंधळलेपणा, चालताना तोल जाणे, विसरणे हे सगळे वयावर ढकलले जाते. वेळेत ओळखल्यास हे रक्त शस्त्रक्रियेने काढता येते आणि अनेक रुग्ण चांगले सुधारतात. म्हणजे ‘म्हातारपण’ समजून सोडून दिलेली अवस्था प्रत्यक्षात बरी होण्यासारखी असू शकते.

मानसिक स्थितीची तपासणी म्हणजे नेमके काय?

रक्तदाब मोजावा तशी ही एखाद्या यंत्रावरची तपासणी नाही. समोरची व्यक्ती या क्षणी कशी दिसते, कशी वागते, कसा विचार करते याचे ते शिस्तशीर वर्णन असते. मानसोपचारतज्ज्ञ ती सविस्तर करतात. पण तिचा सांगाडा समुपदेशकालाही उपयोगी पडतो. ती सुरू होते व्यक्ती दारातून आत येते तेव्हाच. कपडे हवामानाला साजेसे आहेत का? चालताना झोक जातो का? एकटी आली की कोणी हात धरून आणले? कागद, पिशवी, मोबाइल नीट सांभाळता येतो का?

पुढचे मुद्दे साधारण ठरलेले आहेत : वागणूक आणि हालचाली, बोलण्याचा वेग व स्पष्टता, मनःस्थिती (व्यक्ती स्वतः काय सांगते) आणि चेहऱ्यावरचे भाव (समोर काय दिसते), विचारांची संगती, भास किंवा संशय, मृत्यूचे अथवा आत्महत्येचे विचार, स्थळ-काळ-व्यक्तीचे भान, लक्ष, स्मरण, निर्णयक्षमता आणि स्वतःच्या अडचणीची जाणीव. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्याने ते विचार डोक्यात येतात, ही भीती निराधार आहे. उलट मेंदूच्या इजेनंतर आत्महत्येचा धोका वाढलेला असू शकतो, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही.

नोंद करताना शेरा नव्हे, निरीक्षण लिहायचे हा यातला सर्वात महत्त्वाचा नियम. ‘महिला असहकार्य करते’ यातून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. ‘चाळीस मिनिटांत तोच प्रश्न चार वेळा विचारला, उत्तर दिल्यावर वहीत लिहून घेतले, तरी पुन्हा विचारला, पंखा बंद केल्यावर बोलणे सुसंगत झाले’ या नोंदीतून बरेच कळते. हे वर्णन तीन महिन्यांनी पुन्हा ताडून पाहता येते. शेरा ताडून पाहता येत नाही.

लक्ष आणि स्मरण कसे तपासतात? शिक्षण कमी असेल तर?

स्मरणासाठी तीन साधे शब्द सांगतात, उदाहरणार्थ आंबा, खुर्ची, नदी. ते लगेच म्हणून घेतात आणि पाच मिनिटे दुसरे बोलून पुन्हा विचारतात. लक्षासाठी महिने किंवा वार उलट क्रमाने म्हणायला लावतात, किंवा शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. नियोजनासाठी घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात. अमूर्त विचारासाठी ‘नाचता येईना अंगण वाकडे’ यासारख्या म्हणीचा अर्थ विचारतात. ‘अंगण सरळ करून घ्यायला हवे’ असे शब्दशः उत्तर आले तर ते टिपून ठेवतात.

१९७५ मध्ये मार्शल फोल्स्टिन, सुझन फोल्स्टिन आणि पॉल मॅकह्यू यांनी मांडलेली ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ आणि २००५ मध्ये झियाद नस्रेद्दीन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली ‘मोका’ या ३० गुणांच्या दोन चाचण्या जगभर वापरल्या जातात. मात्र दोन्हींवर शिक्षणाचा मोठा प्रभाव पडतो. शाळेत न गेलेल्या व्यक्तीला वाक्य वाचायला, लिहायला किंवा शंभरातून सात वजा करायला सांगितले तर ती मेंदूमुळे नव्हे, शाळेअभावी अडखळेल. हरयाणातील बल्लभगड येथील ग्रामीण ज्येष्ठांसाठी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली हिंदी आवृत्ती याच अडचणीतून तयार झाली. लेखी सूचना वाचण्याऐवजी समोरच्याची कृती पाहून तशीच करायची, असे बदल त्यात केले गेले.

हाच धडा महाराष्ट्रातही लागू होतो. तारीख सांगता आली नाही, पण ‘परवा बाजार होता, आज एकादशी’ असे बरोबर सांगितले तर त्या व्यक्तीला काळाचे भान आहे. हिशेबासाठी भाजीचे सुटे पैसे विचारले तर शंभरातून सात वजा करण्यापेक्षा जास्त कळते. घरी अहिराणी, कोकणी, गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या व्यक्तीला प्रमाण मराठीत विचारून ‘बोलणे संथ’ अशी नोंद करणे हा तर अन्यायच. चष्मा आणला आहे का, ऐकू नीट येते का, रात्री झोप झाली का, सकाळपासून काही खाल्ले आहे का, हे आधी पाहावे लागते.

याची दुसरी बाजूही आहे. चाचणीत पूर्ण गुण मिळाले म्हणजे मेंदू ठीक, असेही नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग नियोजन करणे, स्वतःहून सुरुवात करणे, स्वतःला आवरणे ही कामे पाहतो. त्याला इजा झालेली व्यक्ती शांत खोलीत एकेका प्रश्नाचे उत्तर अचूक देते, कारण तिथे क्रम ठरवण्याचे काम तपासणाराच करत असतो. तीच व्यक्ती घरी गॅस सुरू ठेवून बाहेर पडते, लोकल बदलताना गोंधळते, अनोळखी फोनवर विश्वास ठेवून पैसे पाठवते. म्हणून ‘आधी कसे होते, नंतर कसे झाले’ हे तिला जवळून ओळखणाऱ्याला विचारणे चाचणीइतकेच महत्त्वाचे ठरते.

‘डोक्याला कधी मार लागला होता का?’ एवढे विचारणे पुरेसे का नाही?

कारण बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. रुग्णालयात दाखल झाले नाही, रक्त आले नाही, तर ते लोकांच्या हिशेबी ‘मार’ नसतेच. नवऱ्याने डोके आपटले हे ‘भांडण’ असते, पोळ्याच्या दिवशी बैलाने उडवले ही ‘गंमत’ असते. त्यामुळे इजेबद्दल नव्हे, प्रसंगांबद्दल विचारावे लागते.

अमेरिकेत १९९१ मध्ये पिकार्ड, स्कॅरिसब्रिक आणि पालक यांनी ‘हेल्प्स’ नावाची छोटी प्रश्नावली तयार केली. ती वैद्यकीय पदवी नसलेल्यांनाही वापरता येते. तिच्यात पाच गोष्टी विचारतात. एक, डोक्यावर कधी आघात झाला का? त्यात पडणे, अपघात, मारहाण, गळा दाबला जाणे, जोराने गदागदा हलवले जाणे हे सगळे एकेक करून विचारायचे. दोन, त्यासाठी कधी दवाखान्यात किंवा तातडीच्या विभागात नेले होते का? तीन, शुद्ध हरपली होती का, किंवा काही काळ भान नव्हते का? चार, त्यानंतर रोजच्या जगण्यात डोकेदुखी, चक्कर, विसरणे, राग, लक्ष न लागणे अशा अडचणी सुरू झाल्या का? पाच, मेंदूज्वर, पक्षाघात, प्राणवायू कमी पडणे असा काही मोठा आजार झाला होता का?

इजा होऊ शकेल असा प्रसंग, त्या वेळी शुद्ध हरपणे किंवा भान बदलणे, आणि पूर्वी नसलेल्या पण नंतर टिकून राहिलेल्या किमान दोन अडचणी या तिन्ही गोष्टी जुळल्या तर मेंदूच्या इजेची शक्यता धरून पुढे पाठवायचे, असा या प्रश्नावलीचा निकष आहे. तो निदान नव्हे. धान्य चाळावे तशी ही चाळणी आहे. चाळणीवर राहिलेले सगळेच खडे नसतात आणि खाली गेलेल्यातही एखादा खडा असू शकतो.

ओहायो स्टेट विद्यापीठातील जॉन कॉरिगन आणि जेनिफर बोगनर यांची पद्धत आणखी पद्धतशीर आहे. ती जन्मापासून आजपर्यंतचे प्रसंग आधी आठवायला लावते आणि मग प्रत्येक प्रसंगात शुद्ध किती वेळ हरपली, वय काय होते, हे विचारते. तीस मिनिटे किंवा त्याहून जास्त बेशुद्धी, वयाच्या पंधरा वर्षांआधी शुद्ध हरपण्याइतका मार, थोड्या कालावधीत वारंवार मार आणि अलीकडचा मार या बाबींकडे ती खास लक्ष वेधते.

मराठीत विचारताना लोकांच्या तोंडचे शब्द कामी येतात. ‘बेशुद्ध झाला होतात का?’ याचे उत्तर ‘नाही’ येते; पण ‘डोळ्यांपुढे अंधारी आली का?’, ‘काजवे चमकले का?’, ‘काही वेळ काही सुधरेना असे झाले का?’ यावर ‘हो’ येऊ शकते. बेशुद्ध असलेल्याला आपण बेशुद्ध होतो हे कळत नाही. त्यामुळे ‘मार लागण्याआधीचे शेवटचे काय आठवते आणि नंतरचे पहिले काय आठवते?’ हा प्रश्न अधिक उपयोगी. पंपावर पेट्रोल भरल्याचे आठवते आणि त्यानंतर थेट रुग्णालयातला पंखा आठवतो, तर मधली पोकळी बरेच सांगून जाते. ‘जेवणाचा वास पूर्वीसारखा येतो का?’ हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे, कारण डोक्याला जोराचा मार लागल्यावर वासाच्या नाजूक तंतूंना इजा होऊ शकते.

नैराश्य, दारू की मेंदूची इजा, हे कसे ओळखायचे?

अनेकदा ओळखता येत नाही, कारण या गोष्टी एकत्रच नांदतात. झोप न लागणे, लक्ष न लागणे, चिडचिड, थकवा ही लक्षणे नैराश्यात असतात, मोठ्या धक्क्यानंतरच्या मानसिक आघातात असतात आणि मेंदूच्या इजेतही असतात. हिंसाचार सोसलेल्या महिलेत तिन्ही एकाच वेळी असू शकतात. थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तातील साखर खूप कमी होणे यांमुळेही स्मरण आणि वागणे बिघडते. म्हणून ‘हे किंवा ते’ असा निवाडा समुपदेशकाने करायचा नसतो. बदल कधीपासून सुरू झाला आणि त्याआधी काय घडले होते, हा क्रम नीट लिहून डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम.

दारूच्या बाबतीत चूक जास्त महागात पडते. दारू पिणारा माणूस जास्त वेळा पडतो, त्याच्या डोक्याला जास्त वेळा लागते आणि त्याच्याकडे कमी लक्ष दिले जाते. तोंडाला वास येतो म्हणून ‘उतरेल थोड्या वेळाने’ असे समजून निजवून ठेवलेल्या व्यक्तीच्या मेंदूत रक्तस्राव सुरू असू शकतो. दीर्घकाळ पिणाऱ्यांत थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावामुळेही गोंधळलेपणा, डोळ्यांच्या हालचालींत बिघाड आणि चालताना तोल जाणे अशी अवस्था येते. तीही तातडीने उपचार करण्याची गोष्ट आहे.

प्रश्न थांबवून थेट रुग्णालय कधी गाठायचे?

डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, जागे करूनही न जागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे यांपैकी काहीही दिसले तर प्रश्नावली बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती आज अचानक असंबद्ध बोलू लागली, आणि तिचे भान तासातासाला कमी-जास्त होत असेल, तर ती मानसिक आजाराची नव्हे, शारीरिक आजाराची खूण असण्याची दाट शक्यता असते.

गळा दाबला गेल्यानंतर आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, श्वासाला त्रास, डोळ्यांत लाल ठिपके, त्या वेळी कपड्यांत लघवी होणे या गोष्टी आढळल्या तर बाहेरून जखम दिसत नसली तरी डॉक्टरांची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

संशय आला तर पुढे काय करायचे?

पहिले काम योग्य ठिकाणी पाठवण्याचे. जिल्हा रुग्णालयातील फिजिशियन किंवा मानसोपचार विभाग, वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदूविकार विभाग आणि गरज पडल्यास न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून होणारी सविस्तर चाचणी, असा हा क्रम असतो. बेंगळूरुच्या निमहान्स संस्थेने अशा चाचण्यांचा संच भारतीयांसाठीच्या प्रमाणांसह २००४ मध्ये तयार केला. मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

दुसरे काम समुपदेशकाच्या स्वतःच्या हातातले आहे आणि त्यासाठी अहवालाची वाट पाहावी लागत नाही. भेट तासाऐवजी वीस-पंचवीस मिनिटांची ठेवायची. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. ती मोठ्या अक्षरात लिहून द्यायची. वाचता येत नसेल तर मोबाइलवर आवाजात नोंदवून द्यायची. ‘समजले ना?’ असे न विचारता ‘आता तुम्ही मला सांगा, उद्या कुठे जायचे आहे?’ असे विचारायचे. भेटीच्या आदल्या दिवशी फोन करायचा. सकाळी डोके ताजे असेल तर सकाळचीच वेळ द्यायची. व्यसनमुक्ती केंद्रात लांबलचक व्याख्याने आणि नियमांची यादी यांपेक्षा छोटी, पुन्हा पुन्हा केलेली सत्रे अशा व्यक्तीच्या पचनी पडतात. तारीख चुकवली म्हणून नाव कापण्याआधी तारीख लक्षात राहावी अशी सोय केली होती का, हे तपासायला हवे.

या माहितीचाच वापर त्या व्यक्तीविरुद्ध झाला तर?

हा धोका खरा आहे. कौटुंबिक वादात ‘हिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे’ हे वाक्य मुलांचा ताबा मिळवण्यासाठी किंवा तक्रार खोटी ठरवण्यासाठी वापरले जाऊ शकते. म्हणून हिंसाचाराबद्दलचे प्रश्न त्या महिलेला एकटीला, नातेवाईक खोलीबाहेर असताना आणि तिच्या संमतीनेच विचारायचे. घरच्यांकडून माहिती घ्यायची ती कोणाकडून, हे तिनेच ठरवायचे. मारणाऱ्याकडून ती घेता येत नाही. नोंद कोण पाहू शकेल हेही तिला आधी सांगायचे. महाराष्ट्रात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या सोबतीने सुरू केलेले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष, किंवा मुंबईतील वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये महापालिका आणि ‘सेहत’ यांनी उभे केलेले ‘दिलासा’ केंद्र ही अशी ठिकाणे आहेत, जिथे मारहाणीची हकीकत आणि आरोग्याची विचारपूस एकाच टेबलावर येऊ शकते. एकच प्रश्न तिथे दोन कामे करतो : ‘डोक्याला लागले तेव्हा काय झाले?’ याचे उत्तर उपचारालाही लागते आणि तक्रारीतही मोलाचे ठरते.

कायदाही इथे मदतीला येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार एखाद्याला मानसिक आजार असल्याचे ठरले म्हणून तेवढ्यावरून त्याला विकृतचित्त मानता येत नाही. ते सक्षम न्यायालयानेच जाहीर करावे लागते. मग पाच प्रश्नांच्या प्रश्नावलीतून एखाद्याच्या निर्णयक्षमतेवर निष्कर्ष काढणे तर दूरच. दुसरीकडे, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. डोक्याला मार लागून होणाऱ्या मेंदूच्या इजेला त्यात स्वतंत्र स्थान नाही. हालचाल, वाचा किंवा मानसिक आजार अशा इतर एखाद्या प्रकारात बसल्यासच प्रमाणपत्राची वाट मोकळी होते. ज्याचे हातपाय शाबूत आहेत पण कामाचा क्रम लागत नाही, अशी व्यक्ती या चौकटींच्या मधल्या फटीत अडकते. अशा वेळी रुग्णालयाचे जुने डिस्चार्ज कार्ड, अपघाताची पोलीस नोंद आणि समुपदेशकाने तारखेसह लिहिलेली निरीक्षणे हेच तिच्या हातातले पुरावे असतात. अपघात दाव्यातही त्यांचा उपयोग होतो.

मेंदूची प्रत्येक इजा भरून निघत नाही. पण ती ओळखली गेली तर घरच्यांचा राग कमी होतो, उपचाराची दिशा बदलते आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे ती व्यक्ती स्वतःला आळशी किंवा नालायक समजणे थांबवू शकते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शांत खोली, अर्धा तास आणि ‘तुम्ही असे का वागता?’ याऐवजी ‘तुमच्या बाबतीत काय घडले होते?’ असा प्रश्न, एवढ्यावर सुरुवात करता येते.